ओळ कुठे तोडायची? कवितेच्या ओळीतून अर्थ आणि लय घडवताना

एक साधं वाक्य घ्या. महापुरानंतर आईने भिंतीवरची चिखलाची रेघ पुसली नाही. 2019 च्या ऑगस्टनंतर सांगलीत कृष्णाकाठच्या कुठल्याही गल्लीत हे वाक्य कुणीही सहज बोललं असेल. त्यात उपमा नाही, अलंकार नाही. आता ते दोन तऱ्हांनी लिहून पाहू.

महापुरानंतर आईने
भिंतीवरची चिखलाची रेघ
पुसली नाही

महापुरानंतर आईने भिंतीवरची
चिखलाची रेघ पुसली
नाही

शब्द तेच आहेत, त्यांचा क्रमही तोच आहे. पहिल्या मांडणीत आई ठाम वाटते. तिने ठरवून रेघ ठेवली, हे एका दमात कळतं. दुसरीत आपण ‘भिंतीवरची’ या शब्दाशी थांबतो, मनात एखादी तसबीर येते, मग रेघ दिसते. ती पुसली गेली असं वाटतं न वाटतं तोच ‘नाही’ येऊन सगळं उलटवतं. दोन वाचकांना दोन वेगळ्या आया भेटल्या, आणि हे घडवलं ते ओळ जिथे संपली त्या जागेने.

सांगली-मिरजेच्या कवितावाचनाच्या बैठकांमध्ये नव्याने लिहिणाऱ्यांच्या वह्या माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत अनुभव खरा असतो, शब्द चांगले असतात, पण ओळी कागदाच्या रुंदीप्रमाणे किंवा दिसायला बऱ्या वाटतील तशा तोडलेल्या असतात. ‘इथे का तोडलीस?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कविता आहे म्हणून.’ या उत्तरावर समाधान मानू नये असं मला मनापासून वाटतं. ओळ तोडणं म्हणजे वाचकाला काय आधी कळावं, काय नंतर कळावं आणि मधे त्याने किती थांबावं, हे ठरवणं. ते कसं ठरवायचं याची माझी पद्धत इथे क्रमाने मांडते. उदाहरणांतल्या ओळी, जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे, याच लेखासाठी रचल्या आहेत.

पहिली पायरी: कविता आधी सलग लिहा

मसुदा तयार झाला की ओळी मोडून टाका आणि सगळा मजकूर एका परिच्छेदात, विरामचिन्हं देऊन लिहून काढा. हे काम अनेकांना नको वाटतं, कारण ओळी काढल्या की कविता उघडी पडते. पण तेच हवं आहे. परिच्छेदात वाचताना मजकुरात जीव आहे की नुसत्या मांडणीवर तो उभा होता, हे लगेच कळतं. वाक्यं किती आहेत, लांब कुठलं, आखूड कुठलं, क्रियापदं कुठे आहेत, हेही दिसतं. ओळ वाक्यावर काम करते. वाक्यच नीट माहीत नसेल तर ओळ कशावर काम करणार?

आपल्या परंपरेत हे नवं नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या तर ओव्या आणि श्लोक पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग लिहिलेले दिसतात. श्लोक किंवा ओवी कुठे संपते हे दंड, म्हणजे उभ्या रेघा, सांगतात आणि बाकीचं वाचणाऱ्याचा कान सांगतो. चरणाखाली चरण, उजवीकडे मोकळी जागा, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी मांडणी छापखान्याने रूढ केली. म्हणजे ओळ आधी कानाची होती, नंतर डोळ्यांची झाली. मुक्तछंदात लिहिणाऱ्याला दोन्ही सांभाळावे लागतात, कारण त्याच्याकडे गण नाहीत, मात्रांचा हिशेब नाही, बहुतेकदा यमकही नाही. ओळ संपल्याची खूण म्हणून त्याच्या हातात फक्त ती मोकळी जागा उरते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे नवी ओळ सुरू झाल्याची दुसरी कुठली खूणही नसते.

दुसरी पायरी: पेन्सिल घेऊन मोठ्याने वाचा

परिच्छेद मोठ्याने वाचा, मनात नाही. आवाज जिथे किंचित अडतो तिथे एक उभी रेघ मारा, पूर्ण थांबतो तिथे दोन. नंतर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कागद समोर न धरता ऐका. आपण वाचताना एका जागी थांबलो असं समजतो आणि रेकॉर्डिंगमध्ये भलत्याच जागी थांबलेले असतो, असं पुष्कळदा आढळतं.

यापेक्षाही उपयोगाची गोष्ट म्हणजे कविता दुसऱ्या कुणाला तरी, आधी न दाखवता, वाचायला देणं. घरातलं कुणीही चालेल, कवितेशी संबंध नसलेला माणूस तर फारच चांगला. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. अडखळणं वाईटच असतं असं नाही. तुम्हाला हवं त्या जागी तो अडखळला तर ओळ बरोबर तुटली आहे.

तिसरी पायरी: छंदाकडून आखूड ओळ शिका

मुक्तछंदात लिहायचं असलं तरी आपल्या छंदांनी ओळीबद्दल काय शिकवलं आहे ते कानात हवं. हरिपाठातला पहिला अभंग सगळ्यांना पाठ असतो:

देवाचिये द्वारीं
उभा क्षणभरी
तेणें मुक्ति चारी
साधियेल्या

अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा यमकाबाहेर राहतो आणि दोन अक्षरांनी आखूड पडतो. तीन वेळा सहाची सवय लागलेला कान चौथ्या वेळीही सहाच धरून चालतो आणि दोन अक्षरांची जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेत ‘साधियेल्या’ घुमतं, टाळ पडतो, पुढचा चरण उचलायला श्वास मिळतो. ज्ञानेश्वरीची ओवीही अशीच, तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. म्हणून तिला साडेतीन चरणी म्हणतात.

यातून मुक्तछंदासाठी एक नियम काढता येतो. आखूड ओळ तेव्हाच बोलते जेव्हा तिच्याआधी लांब ओळींनी कानाला सवय लावलेली असते. सगळ्याच ओळी दोन-दोन शब्दांच्या असतील तर आखूडपणा कुणाला जाणवणार? एका शब्दाची ओळ लिहिण्यापूर्वी तिच्या वरच्या तीन-चार ओळी पाहा. त्या भरलेल्या असल्या तरच ती लिहा.

दुसरं टोक पाहायचं तर सातारकरांना सज्जनगड जवळ आहे. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हे भुजंगप्रयात वृत्त. लघु, गुरु, गुरु असा ‘य’ गण चार वेळा, एकूण बारा अक्षरं. मनाच्या श्लोकांत बहुतेक ठिकाणी चरण आणि वाक्य एकत्रच संपतात. त्यामुळे प्रत्येक ओळ पुरी आणि निःसंदिग्ध वाटते, उपदेशाला हवी तशी. तुमची कविता काही ठामपणे सांगत असेल तर वाक्य आणि ओळ एकत्र संपवा. शंका, वाट पाहणं, घालमेल असं काही असेल तर वाक्य ओळ ओलांडून पुढच्या ओळीत वाहू द्या. पहिल्या प्रकाराला मी थांबती ओळ म्हणते, दुसऱ्याला वाहती. चांगल्या कवितेत बहुधा दोन्ही असतात. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याची जागा कवितेतली महत्त्वाची जागा असते.

चौथी पायरी: क्रियापद आणि ‘नाही’ यांचा हिशेब करा

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण मराठीत ओळ तोडण्याचं निम्मं शास्त्र इथे आहे.

आपलं वाक्य निर्णय शेवटी ठेवतं. कर्ता येतो, कर्म येतं, जागा आणि वेळ येते आणि सगळ्यात शेवटी काय झालं ते कळतं. ‘नाही’ तर त्याच्याही नंतर येतं. त्यामुळे वाक्य आणि ओळ एकत्र संपवत गेलो की ओळींच्या शेवटी क्रियापदांची रांग लागते:

सकाळी यार्डात हळद आली होती
हमाल पोती उतरवत होते
पिवळी धूळ उडत होती

होती, होते, होती. कवीने यमक साधलेलं नाही, पण कानाला ते यमकासारखं लागतं, आणि तेही सगळ्यात निर्जीव शब्दाचं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात उभं राहिलेल्या माणसाला जे दिसतं त्यातलं इथे काही पोचत नाही. आता क्रियापद ओळीच्या मधे किंवा सुरुवातीला आणून पाहू:

हळद आली सकाळीच. हमाल
उतरवताहेत पोती, पिवळी धूळ
त्यांच्या पापण्यांवर.

ओळींच्या शेवटी आता ‘हमाल’, ‘धूळ’ आणि ‘पापण्यांवर’ आले. डोळा जिथे टेकतो तिथे माणूस आणि वस्तू आहेत. शेवटच्या वाक्यातून क्रियापदच गेलं आणि काही बिघडलं नाही. एक सावधगिरी मात्र हवी. क्रियापद पुढे आणताना बोलण्यातली मराठी सोडू नका. ‘आली का गाडी?’ ‘गेली की मघाशीच.’ इतकी उलटापालट आपण रोज करतो. पण ‘गेली ती निघून दूर’ असं कुणी बोलत नाही, ते भावगीताच्या सवयीने हातून उतरतं. तोंडात बसत नसेल तर शब्दक्रम मोडू नका, ओळ वेगळ्या जागी तोडा.

आता ‘नाही’. त्याच्या अलीकडे ओळ तोडली तर काय होईल हे काळावर अवलंबून असतं. भूतकाळात ‘आला’, ‘पुसली’, ‘गेलो’ ही रूपं स्वतःच पुरी असतात. म्हणून तिथे ओळ तोडली की आधी एक खोटा अर्थ तयार होतो आणि ‘नाही’ तो पाडतं. भविष्यात ‘येणार’ हेही पुरं असल्यामुळे तसंच होतं:

पोरगं दिवाळीला येणार
नाही म्हणून आईने
चकल्या कमी केल्या

पण वर्तमानात ‘येत’, ‘सांगत’, ‘मानवत’ ही रूपं अपुरी असतात. तिथे ओळ तोडली तर खोटा अर्थ तयार होत नाही, नुसतं अधांतर तयार होतं:

सुनेला इथलं पाणी मानवत
नाही हे ती माहेरी सांगत
नाही

‘मानवत’ ऐकल्याबरोबर पुढे काहीतरी यायचं आहे हे आपल्याला कळतं आणि ते काय असणार याचा अंदाजही येतो. तरी तेवढा क्षण आपण टांगलेले राहतो. एका जागी दचका, दुसऱ्या जागी ताण. हे दोन वेगळे परिणाम आहेत आणि कवीला ते वेगळे माहीत असायला हवेत.

दचक्याबद्दल माझं मत कडक आहे. खोटा अर्थ जर अनुभवाचा भाग नसेल तर ‘नाही’ पुढच्या ओळीत ढकलणं ही नुसती हातचलाखी आहे. पहिल्या वाचनात ती चमकते, दुसऱ्यात रिकामी वाटते. सुरुवातीच्या उदाहरणातली दुसरी मांडणी मी म्हणूनच नाकारेन. आईने रेघ पुसली असं क्षणभर वाटण्याला त्या प्रसंगात काहीच कारण नाही. उलट ‘पुसली नाही’ हे एका श्वासात आलं तरच तिचा निश्चय कळतो. याउलट हे पाहा:

बाहेर चपला वाजल्या, तो आला
नाही, शेजारचे काका होते.

वाट पाहणाऱ्या माणसाला तेवढ्या क्षणापुरतं खरोखरच ‘तो आला’ असं वाटलेलं आहे. ओळीने दिलेला खोटा अर्थ त्याने स्वतः जगलेला आहे. शिवाय पुढच्या ओळीतलं ‘नाही’ आधीच्या वाक्याचं शेपूट वाटतं आणि नव्या वाक्याची सुरुवातही. इथे तोडलेली ओळ कितीही वेळा वाचली तरी टिकते.

जोड क्रियापदांचंही थोडं सांगते. ‘निघून गेला’, ‘सांगून टाकलं’, ‘विसरून जा’ यांच्या मधे आवाज थांबत नाही. तिथे ओळ तोडली तर वाचणारा चाचरतो. कवितेतला माणूसच चाचरत असेल तर जरूर तोडा, एरवी नको.

पाचवी पायरी: प्रत्यय काय सांगून ठेवतात ते ऐका

मराठीचे विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. त्यामुळे ओळ शब्दापाशी तुटली तरी शब्द पुढचं काहीतरी सांगूनच थांबतो. ‘आईने’ वर ओळ संपली तर तिने काहीतरी केलं आहे हे कळतं. ‘आईला’ वर संपली तर तिला काहीतरी झालंय, वाटलंय किंवा मिळालंय. ‘आईची’ वर संपली तर पुढे स्त्रीलिंगी वस्तू किंवा नपुंसकलिंगी अनेकवचन येणार, हेसुद्धा वाचकाच्या कानाला आधीच कळतं. ‘भिंतीवरची’ म्हणून थांबलो की मनात तसबीर येते, घड्याळ येत नाही. घड्याळ यायला ‘भिंतीवरचं’ लागलं असतं.

हा लिंगाचा इशारा फार कामाचा आहे. ओळ ‘ची’वर तोडून तुम्ही वाचकाला एका ठरावीक दिशेला बघायला लावता आणि पुढच्या ओळीत त्याच दिशेची, पण त्याने न धरलेली वस्तू ठेवता. विशेषणांवर ओळ तोडतानाही हेच लक्षात ठेवा. ‘ओली’, ‘जुनं’, ‘शेवटचा’ हे शब्द ओळीच्या टोकाला आले की पुढच्या नामाकडून अपेक्षा वाढते. पुढे साधंच नाम येणार असेल, ‘जुनं / घर’ असं, तर तोडण्याने काही मिळत नाही.

सहावी पायरी: टोकाचा शब्द आणि त्याचा नाद

डोळा ओळीच्या शेवटच्या शब्दावर सगळ्यात जास्त रेंगाळतो, त्याखालोखाल पहिल्यावर. म्हणून मसुद्याच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वेगळ्या कागदावर उभा लिहून काढा. ती यादी वाचताना कवितेचा विषय थोडाफार कळायला हवा. यादीत ‘आणि’, ‘तेव्हा’, ‘एक’, ‘होते’, ‘असे’ हेच शब्द भरले असतील तर ओळी दुबळ्या जागी तुटल्या आहेत.

मग नाद पाहा. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बहुतेकदा उच्चारत नाही. ‘थेंब’, ‘ओल’, ‘कवाड’, ‘देव’ हे शब्द बोलताना व्यंजनावर बंद होतात. ‘नदी’, ‘वाळू’, ‘पाहिले’, ‘आता’ हे उघड्या स्वरावर संपतात आणि आवाज लांबवता येतो. जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या बायका ओळीच्या शेवटी स्वर ओढतात आणि तेवढ्या वेळात जातं फिरत राहतं. ओळ उघड्या स्वरावर संपली की पुढच्या ओळीकडे वाहत जाते, व्यंजनावर संपली की अडते. वाहती ओळ लिहायची असताना टोकाला ‘कवाड’ आला तर तो शब्द तुमच्या विरुद्ध काम करेल. उलट, एखादी गोष्ट तिथेच संपवायची असेल तर असा बंद शब्द शोधा.

‘आणि’ व ‘पण’ यांच्याबद्दल थोडक्यात: ‘आणि’ टोकाला ठेवलं तर वाट पाहायला लावतं, सुरुवातीला ठेवलं तर नुसती जोड देतं. ‘पण’ बहुतेक वेळा काढूनच टाकता येतो. तो नसला तरी अर्थातला बदल ओळच सांगते.

सातवी पायरी: दोन्हीकडचा शब्द

कधी एखादा शब्द एकट्याने ओळीवर ठेवला की तो वरच्या वाक्यालाही लागू पडतो आणि खालच्यालाही.

फोन वाजत राहिला
रात्रभर
मी जागा होतो

फोन रात्रभर वाजत होता की मी रात्रभर जागा होतो? दोन्ही. आणि दोन्ही एकत्र घेतलं तर त्याने फोन उचलला नाही, ही न सांगितलेली गोष्टही कळते. इथे विरामचिन्ह दिलंत तर दार एका बाजूने बंद होईल. काळ आणि जागा सांगणारे शब्द, ‘काल’, ‘इथेच’, ‘हळूहळू’, या कामाला चांगले. पण एका कवितेत हे एकदा पुरे.

आठवी पायरी: आता पूर्ण कविता बांधू

मसुदा परिच्छेदात असा आहे. महापूर ओसरल्यावर आईने भांडी धुतली, फरशी धुतली, देव धुतले. भिंतीवरची चिखलाची रेघ पुसली नाही. दिवाळीला रंगारी विचारतो, रेघेच्या खाली मारू का वर? आई म्हणते, वरच. खाली अजून ओल आहे.

पाच वाक्यं. पहिल्या वाक्यात ‘धुतली, धुतली, धुतले’ हा हाताचा वेग आहे, तो टिकवायचा. शेवटच्या वाक्यात भिंतीचा गिलावा खरोखर वाळलेला नाही, आणि दुसरंही काही वाळलेलं नाही. ते न बोलता राहिलं पाहिजे.

महापूर ओसरल्यावर आईने
धुतली भांडी, धुतली फरशी, धुतले
देव.
भिंतीवरची
चिखलाची रेघ पुसली नाही.

दिवाळीला रंगारी विचारतो,
रेघेच्या खाली मारू का वर?
आई म्हणते, वरच.
खाली अजून
ओल आहे.

क्रियापदं पुढे आणली, कारण घर धुताना माणूस असंच सांगतो, ‘धुतली भांडी, धुतली फरशी.’ दुसऱ्या ओळीच्या टोकाला ‘धुतले’ ठेवलं. भांडी आणि फरशी यांच्या ओघात आता काय धुतलं असेल, असं वाटत असतानाच पुल्लिंगी अनेकवचन कान टवकारायला लावतं. देवही चिखलात गेले होते हे मग एका शब्दाच्या ओळीत कळतं. ‘देव’ हा बंद शब्द, आणि वरच्या दोन ओळी भरलेल्या. म्हणून तो आखूडपणा झेपतो.

‘भिंतीवरची’ एकटं ठेवलं ते देवांच्या लगेच नंतर. त्यामुळे इथे तसबिरीची अपेक्षा आणखी पक्की होते. ‘पुसली नाही’ मात्र फोडलं नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

रंगाऱ्याचा प्रश्न थांबत्या ओळींत आहे. तो कामाचा माणूस आहे, त्याला सरळ उत्तर हवंय. आईही ‘वरच’ म्हणून त्याच्याच लयीत उत्तर देते. नंतरची ओळ तुटते ती ‘अजून’पाशी. ती ‘खाली अजून ओल / आहे’ अशी तोडून पाहिली तर काय होतं? शेवटची ओळ ‘आहे’ या रिकाम्या शब्दाची उरते आणि ‘ओल’ मधेच निसटून जाते. ‘खाली / अजून ओल आहे’ केलं तर ती भिंतीची माहिती होते. ‘खाली अजून’ म्हणून थांबलं की त्या थांबण्यात वर्षं मावतात. हे मला सगळ्यांत योग्य वाटतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर तीनही मांडण्या मोठ्याने वाचून ठरवा, पण ठरवल्याचं कारण सांगता यायला हवं.

कडव्यांमधली रिकामी ओळ इथे काही महिने पुढे नेते. कडवं तोडणं हे ओळ तोडण्याहून मोठं पाऊल आहे. काळ, जागा किंवा बोलणारा बदलला नसेल तर रिकामी ओळ देऊ नका.

नववी पायरी: जे काढून टाकता येतं ते काढा

ओळ तुटली की स्वल्पविरामाचं काम बहुतेक वेळा झालेलं असतं. टोकाला आलेले स्वल्पविराम एकेक करून झाकून पाहा, अर्थ बिघडत नसेल तर काढा. वरच्या कवितेत ‘विचारतो’ पुढचा ठेवला, कारण तिथे बोलणारा बदलतो. ओळीच्या शेवटी टिंबं टिंबं देण्याची सवय तर मोडाच. वाचकाने थांबावं म्हणून ती दिली जातात, पण थांबवणं हे ओळीचं काम आहे आणि टिंबांनी ओळीवरचा विश्वासच जातो. शब्द अक्षराअक्षरांत फोडून खाली खाली उतरवणं, पाऊस पडतो म्हणून ‘पा / ऊ / स’ लिहिणं, यानेही डोळ्यांना क्षणभर करमणूक होते आणि कानाला काहीच मिळत नाही.

एकेका शब्दाची ओळ करून लिहिलेल्या कविता माझ्याकडे पुष्कळ येतात. प्रत्येक शब्दावर जोर दिला की जोर कशावरच उरत नाही. अशा कवितेतल्या दर तीन ओळी एक करून वाचा. बहुतेकदा तीच चांगली कविता असते.

दहावी पायरी: व्यासपीठ, मोबाइल आणि छापील पान

कृष्णाकाठी औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. तिथे किंवा गावातल्या कुठल्याही कविसंमेलनात ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. तुमची ओळ त्याला फक्त तुमच्या थांबण्यातून कळणार. वाहत्या ओळीच्या टोकाला आवाज खाली आणू नका, तो वरच ठेवून अगदी थोडं थांबा. आवाज खाली आला की वाक्य संपलं असं ऐकणारा समजतो. थांबती ओळ असेल तिथे आवाज उतरू द्या. दाद मिळाली की ओळ पुन्हा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. गझलेत शेराचा पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, दोनदा म्हणून दुसऱ्याची ओढ लावतात, कारण मिसरा एकटा उभा राहतो. मुक्तछंदातली वाहती ओळ एकटी पुन्हा म्हटली तर अर्धवट वाटते. पुन्हा म्हणायचीच असेल तर वाक्य सुरू होतं तिथून म्हणा.

मोबाइलवर वेगळी अडचण येते. लांब ओळ पडद्यात मावली नाही की ती स्वतःच खाली येते आणि तुम्ही न तोडलेल्या जागी तुटलेली दिसते. कविता पाठवण्याआधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून पाहा. साध्या फोनवर, अक्षर मोठं करून पाहा, कारण वाचणाऱ्यांतले बरेच जण तसंच वाचतात. ओळ मोडत असेल आणि ती लांबच ठेवणं गरजेचं असेल तर कवितेचा फोटो किंवा पीडीएफ पाठवा.

दिवाळी अंकाला पाठवताना वर्डमध्ये कडव्याच्या आतल्या ओळी शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून तोडा, नुसतं एंटर फक्त कडवं संपल्यावर द्या. नाहीतर मांडणी करताना प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद धरली जाते आणि मधे नको इतकी जागा पडते. मजकुराच्या फाइलसोबत पीडीएफ जोडा आणि पत्रात लिहा की ओळी पीडीएफप्रमाणे ठेवाव्यात. तपासायला मुद्रित (प्रूफ) मागवता आलं तर जरूर मागवा. अंकाच्या स्तंभात न मावलेली ओळ खाली आणावीच लागली, तर उरलेला तुकडा आत सरकवून छापायला सांगा, म्हणजे ती नवी ओळ नाही हे वाचकाला कळेल.